सुप्याचे रोखे

१२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात लोक जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. लूटही झाली, पण लोकांचा खरा रोख होता चोपड्यांवर आणि कर्जरोख्यांवर. ते हुडकून जाळले. हे लोण मग पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत पसरलं. माणसांवर हात फार थोड्या ठिकाणी पडला. रोखे मिळाले की लोक बहुधा माघारी फिरत.

याची सुरुवात झाली लांब अमेरिकेत. १८६१ साली तिथं यादवी युद्ध पेटलं. तिथला कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. मुंबईत पैसा खेळू लागला आणि सावकार गावोगाव सैल हातानं कर्ज देऊ लागले. अशा वेळी कुणी बैल घेतला, विहीर खोदली, तर त्याला वेडा म्हणायचं का? मला तरी तो हिशोब वेडेपणाचा वाटत नाही. युद्ध कधी थांबेल हे सावकारालाही ठाऊक नव्हतं.

१८६५ ला ते थांबलं. भाव कोसळला, सावकारानं हात आखडला. त्याच सुमारास शेतसाऱ्याची नवी आकारणी होऊन सारा वाढला. पीक येवो की बुडो, सारा रोखीनं भरायचाच.

त्यात १८५९ चा मुदतीचा कायदा. साधा रोखा तीन वर्षांनी बाद होणार, म्हणजे कुळाचं संरक्षण, असा सरकारचा विचार. सावकारानं तो उलटा फिरवला: दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात घालून नवा रोखा. आपल्या गटातल्यासारखं शेकडा दोन रुपये महिना व्याज धरा. शंभराचे तीन वर्षांत १७२. नव्या रोख्यात १७२ हेच मुद्दल, म्हणून सहा वर्षांत २९६ आणि नऊ वर्षांत ५०० च्या वर. साधा एकच रोखा नऊ वर्षं चालला असता तर ३१६ झाले असते. अंगठा उठवणाऱ्याला कागदावर काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं.

तरी साहेब लोक म्हणत, हे लग्नकार्यातल्या उधळपट्टीनं बुडाले! पण दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगानंच लिहिलं, की लग्नाच्या खर्चाला उगाच जास्त महत्त्व दिलं गेलं आहे. हे वाचून मला बरं वाटलं. घरातला खर्च म्हटलं की बोट आधी चुलीकडे वळतं, हे आपल्याला काही नवं नाही.

१८७९ ला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला. रोख्यावरचा आकडा तसाच न मानता, मुळात किती दिले आणि किती फिटले हे कोर्टानं तपासायचं ठरलं. आणि भरलेल्या पैशाची पावती, वर्षाचा हिशोब, पासबुक मागण्याचा हक्क कुळाला मिळाला.