वाण्याची वही आणि आठवड्याचा बाजार

श्रोतेहो, कल्याणहून येणारा रस्ता मुंब्रा-पनवेल रस्त्याला जिथे मिळतो, तो आपला शीळफाटा. घाटावरून उतरलेला कांदा-बटाटा तुर्भ्याच्या बाजाराकडे इथून जातो. एवढा माल दारावरून जातो. तरी आठवड्याच्या बाजाराला निघालेली बाई बोटांवर हिशेब करीतच असते. हा हिशेब काही आजचा नाही, बरं का! शंभर वर्षांपूर्वी तो सरकारी कागदावरही उतरला होता.

१९२१ साली मुंबईत लेबर ऑफिस निघाले. त्याचे प्रमुख फिंडले शिरास यांनी कामगारांच्या कुटुंबांचे जमाखर्च गोळा करविले आणि १९२३ साली त्यांचा अहवाल छापला. खर्चाचा निम्म्याहून अधिक वाटा अन्नावर जात होता. आणि एवढे करून ताटात काय पडे? दुष्काळी नियमावलीत मजुराला जास्तीत जास्त जेवढे धान्य सांगितले होते, तेवढे. पण मुंबईच्या तुरुंगात कैद्याला ठरवून दिलेल्या मापाहून कमी! कष्ट करून मिळविणाऱ्याचे ताट कैद्याच्या ताटाहून हलके, ही सरकारचीच नोंद.

असे का व्हावे? पहिले कारण अर्थातच तुटपुंजा पगार. पण आणखी एक होते. गिरणीचा पगार महिन्याने होई, तोही पुढच्या महिन्याच्या दहा-पंधरा तारखेच्या सुमारास. तोवर चूल पेटवायची कशी? वाण्याच्या उधारीवर. आणि उधारीचे गिऱ्हाईक दुकान बदलू शकत नाही, मालाला नाव ठेवू शकत नाही, वजनावरून भांडू शकत नाही. पगार ठराविक मुदतीत द्यावा, असा कायदा १९३६ साली झाला. मला तर तो स्वयंपाकघराचाच कायदा वाटतो.

आता आपल्या बाजूला या. शीळ, डायघर, खिडकाळी इथल्या आगरी घरांत भात शेतातले, वाल त्याच शेतातल्या उरल्या ओलीवरचे. पावसाळ्यापूर्वी आगोट भरायची, तीत सुकट, बोंबील, मीठ, मिरची. इथे सुबत्ता होती असे मात्र समजू नका. मालकाचा खंड आणि सावकाराचे व्याज जाऊन उरेल त्यावर वर्ष काढायचे. तरी जे शिजे त्यात कस होता. भात उखळात सडत, म्हणून दाण्यावरचा तांबूस थर थोडाफार टिके. वाल मोड आणून शिजवीत. सुकट तर सालासकट पोटात जाई, म्हणजे प्रथिनांबरोबर चुनाही मिळे.

पुढे गिरणीचा पांढरा तांदूळ आला, आणि तोच प्रतिष्ठेचा ठरला. त्या तांबूस थरात काय असते, ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर आइकमन या डच डॉक्टरांना कोंबड्यांनी शिकविले! पांढऱ्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडले; कोंड्यासह तांदूळ देताच त्या सुधारल्या. त्या कामासाठी आइकमनना १९२९ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. आपल्याकडे कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून डॉ. आयक्रॉइड यांनी १९३७ साली देशी अन्नाच्या कसाची पुस्तिका काढली. आजच्या मोजणीप्रमाणे शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तर पांढऱ्या तांदळात जेमतेम दहा. पण नाचणी ठरली गरिबाची, आणि पाहुण्यांपुढे भाकरी वाढायला आपण लाजू लागलो.

उधारीच्या फासावर उपाय मात्र लोकांनीच काढला. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. शेजारच्या काही कुटुंबांनी संघ करायचा, यादी आणि पैसे आधी द्यायचे, घाऊक माल आला की आपसांत वाटून घ्यायचा. दुकान नाही, वहीही नाही.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. मुलांना घरच्या आजीकडे पाठवा. तिच्या लहानपणी रोखीने काय येई, उधारीने काय आणि शेतातले काय, हे वहीत उतरवून आणू द्या. शेर-पायलीचे माप गावोगाव वेगळे असे, म्हणून आजीच्या माहेरचे नावही लिहायला सांगा.