चांदण्यातले कुरण

इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतून जाताना शेतात कधी कधी गवताचा एक लांबच लांब पट्टा दिसतो. बाकीचे गवत गुडघाभर, हा पट्टा मात्र कापून बारीक केलेला. बांधाजवळ खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, आणि गोठ्यासारखी एक पत्र्याची शेड. हा कुणा शेतकऱ्याचा खाजगी विमानतळ! खुणा ठाऊक असल्या म्हणजे तुम्हीही तो ओळखाल. पण ज्या कुरणावर एकही खूण ठेवायची नाही, ते रात्री वरून ओळखायचे कसे? दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांपुढे नेमका हाच प्रश्न होता.

जर्मनांनी व्यापलेल्या फ्रान्समध्ये हेर पोचवायला ते लायसँडर नावाची लहान विमाने वापरीत. वैमानिक एकटाच; वाट दाखवायला दुसरा कुणी नाही. म्हणून उड्डाण करायचे ते पौर्णिमेच्या आगेमागे. गावे दिवे मालवून बसलेली, पण नदी काही चांदण्यात लपत नाही. तिचे वळण धरायचे, मग रानाची कड, असे करीत ठरलेल्या शेतावर यायचे.

खाली दोनचार माणसे दबा धरून असत. विमानाची घरघर ऐकू आली की विजेरीने ठरलेले एक अक्षर मोर्सच्या खुणांत दाखवायचे. अक्षर चुकले तर वैमानिकाने उतरायचे नाही, सरळ माघारी! बरोबर असले तर खुंट्यांना बांधलेल्या तीन विजेऱ्या लागत: दोन एका ओळीत सुमारे १५० मीटरांवर, तिसरी दुसरीच्या उजवीकडे ५० मीटरांवर. झाली धावपट्टी!

कुरण दिवसा पाहून निवडलेले असे. झाडे, चर, उतार डोळ्यांना दिसतात हो, पण चिखल? फेब्रुवारी १९४४ मध्ये त्याहून मोठे हडसन विमान फ्रान्समधल्या एका शेतात रुतून बसले. आसपासच्या खेडुतांनी मेहनत करून ते मोकळे केले. त्या विमानातून निघालेल्या ल्युसी ओब्राक यांना दिवस भरत आले होते. इंग्लंडला पोचल्यावर थोड्याच दिवसांत त्यांना मुलगी झाली.

जून १९४३ मध्ये आंजे शहराजवळच्या अशाच एका कुरणात नूर इनायत खान उतरली. बडोद्याच्या गायनशाळेचे मौलाबक्ष हे तिच्या वडिलांचे आजोबा, तेव्हा आपल्याला ती अगदीच परकी नव्हे. त्या रात्री अक्षर बरोबर होते, दिवे जागच्या जागी होते. दिवे लावून घेणारा आंरी देरिकूर मात्र जर्मनांशीही संबंध ठेवून होता, आणि ते विजेरीच्या उजेडात कसे दिसावे? ऑक्टोबरमध्ये नूर पकडली गेली; तिला पकडून देण्यात त्याचा हात होता असे म्हणता येत नाही. १३ सप्टेंबर १९४४ रोजी दाखाउच्या छावणीत तिला ठार मारण्यात आले. देरिकूरवर १९४८ मध्ये फ्रान्समध्ये खटला चालला, आणि तो निर्दोष सुटला.