चक्रवाल आणि संगणक

पळस्प्याच्या आमच्या घरीं नातवानें संगणकास एक उदाहरण घातलें : ज्या संख्येच्या वर्गास ६१ नें गुणून १ मिळविला असतां पूर्ण वर्ग होतो, अशी लहानांत लहान संख्या कोणती? सन २००५ मध्यें निघालेल्या ‘सेज’ या विनामूल्य गणित-प्रणालीनें क्षणांत सांगितलें : २२,६१,५३,९८०.

“कसें आलें?” मीं विचारलें. तो गप्प राहिला.

हें उदाहरण भास्कराचार्यांच्या सन ११५० च्या बीजगणितांतील आहे. फ्रान्सच्या फर्मानें तेंच १६५७ त गणितज्ञांपुढें टाकलें. आचार्य ८ पासून आरंभ करितात. त्याच्या वर्गांतून ६१ वजा करितां ३ उरतात. हें शेष चक्रवाल रीतीनें फिरवीत फिरवीत १ वर आणावयाचें.

आचार्यांचे नातू ज्योतिषी चांगदेव यांनीं आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून चाळीसगांवाजवळ पाटण येथें मठ स्थापिला. सन १२०७ च्या सुमाराचा तेथील शिलालेख याची साक्ष देतो. तो मठ उत्तरें जपण्यासाठीं नव्हता, रीत जपण्यासाठीं होता.

यंत्रास दोष देणें अन्यायाचें होईल. ताळा पाहण्यास त्याच्यासारखा सोबती नाहीं. माझ्या नातवानें मग कागद घेतला. चौथ्या दिवशीं त्याचें उत्तर यंत्राशीं जुळलें, आणि “कसें आलें?” हें तो मला समजावूं लागला.