पॉट नियंत्रण (पोकर)

पॉट नियंत्रण ही पोकर या पत्त्यांच्या खेळातील एक डावपेचाची पद्धत आहे. एका डावात सर्व खेळाडूंनी लावलेल्या चिप्सच्या एकत्रित राशीला पॉट म्हणतात. हातातील पत्त्यांचे बळ आणि गमावणे परवडेल इतक्या चिप्स यांचा मेळ घालून ही राशी किती वाढू द्यायची हे ठरवणे, म्हणजे पॉट नियंत्रण होय. टूर्नामेंट पोकरमध्ये चिप्स संपल्या की खेळाडू सहसा स्पर्धेबाहेर जातो. त्यामुळे तेथे या पद्धतीला विशेष महत्त्व आहे. पुढील विवेचन नो-लिमिट टेक्सास होल्डेम या प्रकारापुरते आहे.

पॉटची वाढ

या प्रकारात फ्लॉप (पहिली तीन सामायिक पाने), टर्न (चौथे पान) आणि रिव्हर (पाचवे पान) यांनंतर पैज लावण्याची संधी मिळते. पैजेची रक्कम बहुधा पॉटच्या प्रमाणात ठरत असल्याने पॉट बेरजेने नव्हे, तर गुणाकाराने वाढतो. फ्लॉपवर पॉट १०० चिप्सचा असून तिन्ही फेऱ्यांत पॉटच्या निम्मी पैज लागली आणि एका प्रतिस्पर्ध्याने ती स्वीकारली, तर पॉट अनुक्रमे २००, ४०० आणि ८०० होतो. पैज पॉटइतकीच असेल, तर तोच ३००, ९०० आणि २७०० होतो. निम्म्या पैजेच्या उदाहरणात एक फेरी पैजेविना गेली (यास ‘चेक’ म्हणतात), तरी अखेरचा पॉट ८०० ऐवजी ४०० राहतो. म्हणून एका जोडीसारखी मध्यम बळाची पाने असणारा खेळाडू अनेकदा टर्नवर चेक करतो. याची किंमतही आहे: प्रतिस्पर्ध्याला पुढचे पान फुकट पाहायला मिळते. पाने अतिशय बळकट असतील, तर पॉट लहान ठेवणे हे नुकसानच होय.

चिपचे मोल

रोख खेळात प्रत्येक चिपचे मोल ठरलेले असते. टूर्नामेंटमध्ये तसे नसते, आणि पॉट नियंत्रणाचा खरा आधार येथेच आहे. बक्षिसे क्रमांकानुसार वाटली जात असल्याने सर्व चिप्स जिंकणाऱ्यालाही सर्व रक्कम मिळत नाही. हे मोल मोजण्यासाठी ‘इंडिपेंडंट चिप मॉडेल’ (आयसीएम) वापरले जाते. त्यामागील सूत्र डेव्हिड हार्व्हिल यांनी १९७३ साली घोड्यांच्या शर्यतीसंदर्भात मांडले होते. मेसन माल्मथ यांनी १९८७ साली ते पोकरला लावले.

समजा, तीन खेळाडूंकडे ५०००, ३००० आणि २००० चिप्स आहेत आणि बक्षिसे ५०, ३० व २० रुपयांची आहेत. आयसीएमनुसार त्यांचे वाटे अनुक्रमे ३८.३९, ३२.७५ आणि २८.८६ रुपये येतात. म्हणजे निम्म्या चिप्स असणाऱ्याच्या वाट्याला निम्मी रक्कम येत नाही. आता तिसऱ्याने दुसऱ्याविरुद्ध आपल्या सर्व २००० चिप्स लावल्या आणि तो जिंकला, तर त्याचा वाटा ३६.४४ रुपये होतो, म्हणजे ७.५८ रुपयांचा लाभ. हरला तर हाती २० रुपये उरतात, तोटा ८.८६ रुपयांचा. चिप्सच्या हिशेबाने ५० टक्के शक्यता पुरेशी वाटली, तरी प्रत्यक्षात सुमारे ५४ टक्के लागते. बक्षिसाच्या सीमेवर, जेथे आणखी एक खेळाडू बाद होताच उरलेल्या सर्वांना काही ना काही मिळणार असते, तेथे ही तफावत अधिकच जाणवते.

वाढते ब्लाइंड

मात्र केवळ सावधगिरी तारत नाही. ब्लाइंड व अँटी या सक्तीच्या रकमा ठरावीक वेळाने वाढत जातात आणि थांबून राहणाऱ्याची रास झिजते. डॅन हॅरिंग्टन (१९९५ सालच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेचे विजेते) यांनी आपल्या पुस्तकांतून यासाठी ‘एम’ हे माप रूढ केले; हे नाव पॉल मॅग्रिएल यांच्यावरून पडले. चिप्सच्या संख्येला दोन्ही ब्लाइंड व सर्व अँटी यांच्या बेरजेने भागले की एम मिळतो. नऊ खेळाडू, १०० व २०० चे ब्लाइंड आणि प्रत्येकी २५ अँटी असेल, तर एका फेरीचा खर्च ५२५ होतो. ५२५० चिप्स असणाऱ्याचा एम १०. एम ५ च्या खाली गेल्यावर पॉट लहान ठेवण्याला फारसा अर्थ उरत नाही. सर्व चिप्स लावणे किंवा पाने टाकणे, एवढेच पर्याय राहतात. जॅक स्ट्रॉस यांनी १९८२ साली हीच स्पर्धा एका चिपवरून जिंकल्याची कथा पोकरविश्वात आवडीने सांगितली जाते. ती अपवाद म्हणूनच घ्यावी.

मर्यादा

आयसीएम सर्व खेळाडूंचे कौशल्य समान मानते. टेबलावरील बसण्याची जागा आणि लवकरच वाढणारे ब्लाइंड यांचीही ते दखल घेत नाही. शिवाय सतत पॉट लहान ठेवणाऱ्याचा कल प्रतिस्पर्ध्यांच्या लक्षात येतो आणि मोठ्या पैजेने त्याला पाने टाकायला लावणे सोपे जाते.

भारतातील स्थिती

गोव्यात मांडवी नदीतील कॅसिनोंमध्ये पोकर खेळले जाते. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना मात्र संसदेने २०२५ साली संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्यात मनाई करण्यात आली आहे.