डॉलरच्या भावातले पॅरिस

पहिल्या महायुद्धानंतर हजारो अमेरिकन पॅरिसमध्ये येऊन राहिले. त्यांच्या वास्तव्याची जी कथा पुढे रूढ झाली तिच्यात कलेची ओढ आहे, मोकळी हवा आहे, मोंपार्नासचे कॅफे आहेत, हेमिंग्वे आणि गर्ट्रूड स्टाइन आहेत. ही कथा खोटी नाही, पण तिने कारण सोडून शोभा तेवढी उचलली. ती वसाहत मुख्यतः दोन गोष्टींवर उभी होती : चलनाचा भाव आणि पासपोर्टाचे वजन. १९१४ पूर्वी एका डॉलरला पाच फ्रँकांहून थोडे अधिक मिळत. १९२२ च्या सुरुवातीला तोच भाव बारांच्या आसपास गेला आणि जुलै १९२६ मध्ये पन्नासच्या घरात पोचला. युद्धाने फ्रान्सची तिजोरी रिकामी केली होती, कर्ज डोक्यावर होते आणि त्या कर्जाचा मोठा सावकार अमेरिकाच होती. वर्षाला हजार डॉलर गाठीशी असले की पॅरिसात मजेत राहता येते, असे हेमिंग्वेनेच फेब्रुवारी १९२२ मध्ये टोरोंटोच्या एका वृत्तपत्रात लिहिले. त्याच्या घरात तर बातमीदारीच्या कमाईखेरीज पत्नीच्या वारशाचे उत्पन्नही येत होते. ज्याला आपण कलावंताची गरिबी म्हणतो, ती पुष्कळदा डॉलरमध्ये मोजलेली गरिबी होती. शेजारच्या फ्रेंच पेन्शनरची बचत मात्र त्याच वर्षांत डोळ्यांदेखत विरघळत होती.

लेखकांच्या झगमगाटात आणखी एक गोष्ट झाकली जाते. ही वसाहत त्यांच्या आधीपासूनची होती आणि तिने आपली सोय चोख लावून ठेवली होती. फ्रँकलिन आणि जेफरसन अठराव्या शतकात राजदूत म्हणून राहिले, ते सोडून देऊ. खरी वसाहत वसवली ती व्यापारी, बँकवाले, दंतवैद्य आणि धनिक कुटुंबांनी. १८५७ मध्ये अमेरिकन चर्चची इमारत उभी राहिली, १८८७ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘हेरल्ड’ची पॅरिस आवृत्ती निघू लागली आणि १८९४ मध्ये व्यापारी मंडळ स्थापन झाले. १९१० मध्ये पॅरिसलगतच्या नुई या गावी अमेरिकन रुग्णालय सुरू झाले. युद्धात सैनिकांसाठी पाठवलेल्या पुस्तकांतून १९२० मध्ये अमेरिकन ग्रंथालय उभे राहिले. म्हणजे प्रार्थना, वर्तमानपत्र, औषध आणि वाचन, सगळे आपल्या भाषेत मिळत होते. पॅरिसात पुस्तकांचे दुकान चालवणाऱ्या अमेरिकन सिल्व्हिया बीचने जेम्स जॉइसची ‘युलिसिस’ ही कादंबरी १९२२ मध्ये छापली तीही इंग्रजीतच. फ्रेंच समाजात शिरण्याची गरज न पडता तिथे वर्षानुवर्षे राहता येत होते.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो वजनदार आहे : कृष्णवर्णीय अमेरिकनांचे काय? ते भाव बघून आले नव्हते. पहिल्या महायुद्धात त्यांच्या ३६९ व्या पलटणीला अमेरिकी लष्कराने फ्रेंच सेनेच्या हवाली केले होते. तिथे सैनिक म्हणून मिळालेला मान त्यांना मायदेशी मिळाला नाही. फ्रेंच सैन्यात लढलेला कृष्णवर्णीय वैमानिक युजीन बुलार्डही युद्धानंतर पॅरिसातच राहिला. १९२५ मध्ये नर्तकी जोसेफिन बेकर आली आणि १९४८ मध्ये खिशात जेमतेम चाळीस डॉलर घेऊन लेखक जेम्स बाल्डविन आला. हॉटेलात, रस्त्यावर, नाटकगृहात माणसासारखे वागवले जाणे ही त्यांच्यासाठी फार मोठी गोष्ट होती, आणि तिला कमी लेखणे हा अन्याय होईल. पण हा मान कोणाला मिळत होता तेही पाहिले पाहिजे. पॅरिस पोलिसांनी १९२५ मध्ये उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मजुरांवर पाळत ठेवण्यासाठी स्वतंत्र विभागच काढला. मुंबईच्या क्रांतिकारक मॅडम कामांनी याच शहरात पाव शतकाहून अधिक काळ काढला. पण पहिल्या महायुद्धात फ्रान्सने ब्रिटनशी असलेली दोस्ती सांभाळत त्यांना नजरकैदेत टाकले. शहर तेच होते, पण माणसामागे कोणते सरकार उभे आहे, यावर त्याचे वागणे ठरत होते. पुढे अल्जीरियन लोकांचे हाल बघितल्यावर बाल्डविनला हे स्वच्छ दिसले, आणि त्याने ते लिहून ठेवले.

पॅरिसकरांनाही हा हिशेब कळत होता. जुलै १९२६ मध्ये फ्रँक कोसळत असताना परदेशी पर्यटकांच्या बसगाड्यांची रस्त्यात हुर्यो झाली आणि माजी सैनिकांनी अमेरिकेशी झालेल्या कर्जकराराविरुद्ध मोर्चा काढला. कुणी म्हणेल, पैसा हे निमित्त, खरी ओढ शहराचीच. तसे असते तर ओढ टिकली असती. १९२८ मध्ये फ्रँक डॉलरला सुमारे साडेपंचवीसवर स्थिर झाला, १९२९ मध्ये वॉल स्ट्रीट कोसळली, आणि १९३४ मध्ये डॉलरचे अवमूल्यन झाल्यावर भाव पंधरांवर आला. सीन नदी, कॅफे, पुस्तकांची दुकाने जागच्या जागी होती. तरी या काळात बहुतेक अमेरिकन परतले.