ठरल्या वेळी जागी होणारी यंत्रे

उलव्याच्या खाडीत भरतीचे पाणी मोजायला बॅटरीवरचे बिनतारी यंत्र बसवायचे म्हटले, तर पहिला प्रश्न हा की, चिखल तुडवीत सेल बदलायला जाणार कोण? २००२ साली अमेरिकेतल्या ग्रेट डक बेटावर पेट्रेल पक्ष्यांच्या बिळांत अशी यंत्रे ठेवली, तिथे तर माणसाने फिरकायचेच नव्हते, पक्षी बिथरतात!

बॅटरी खातो तो यंत्रातला रेडिओ. आणि गंमत पाहा, बोलायला जेवढी वीज लागते, जवळजवळ तेवढीच नुसते कान देऊन बसायलाही लागते.

जुन्या मंडळींना याचे नवल नाही. व्हॉल्व्हच्या रेडिओत तार तापवण्यातच बॅटरी खर्ची पडे; कार्यक्रम संपला की खटका बंद. १९४७ साली ट्रान्झिस्टर निघाला नि तार तापवणे गेले. कान देण्याचा खर्च मात्र राहिला.

१९५६ साली पुणे केंद्राच्या शेतकरी श्रोतृमंडळांत गावकरी आठवड्यातून दोनदा, ठरल्या वेळी रेडिओभोवती जमत. २००२ मध्येच ये, हायडेमान आणि एस्ट्रिन या संशोधकांनी यंत्रांसाठी अशीच रीत मांडली: शेजारच्या यंत्रांनी एकदम जागे व्हायचे, निरोप द्यायचा, पुन्हा झोपायचे. घड्याळे मागेपुढे होतातच. म्हणून ती अधूनमधून एकमेकांना वेळ कळवीत राहतात.