कडेला लागलेली शाई

बटाट्याचा किडका भाग काढताना आपण थोडा चांगला भागही कापतो. उरलेला बटाटा स्वच्छ दिसला की आपले समाधान होते. स्तनातील कर्करोगाची गाठ काढणाऱ्या सर्जनपुढे हाच प्रश्न असतो. पण सुट्या कर्कपेशी नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. मग रोग पूर्ण निघाला, हे ठरवायचे कसे?

एकोणिसाव्या शतकातले उत्तर होते, शक्य तेवढे सारे काढा. अमेरिकेतील विल्यम हॉल्स्टेड १८८२ पासून संपूर्ण स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतील लसिकाग्रंथी एकत्रच काढू लागले. पुढे अनेक दशके हीच पद्धत रूढ राहिली.

शस्त्रक्रिया चालू असतानाच ऊती तपासता आली तर? नेहमीच्या पद्धतीत ऊतीवर रसायनांची प्रक्रिया करून ती मेणात बसवतात आणि मग तिचे पातळ काप घेतात. यात बराच वेळ जातो. १८९१ साली विल्यम वेल्च यांनी हॉल्स्टेड यांच्या एका रुग्णाची ऊती गोठवून पाहिली, पण निष्कर्ष मिळण्यापूर्वीच शस्त्रक्रिया आटोपली होती. जानेवारी १९०५ मध्ये मेयो क्लिनिकच्या लुई विल्सन यांनी मिनेसोटातील कडाक्याच्या थंडीचाच उपयोग केला. ऊती खिडकीबाहेर गोठवली, काप घेतले आणि मेथिलीन ब्लू या रंगाने रंगवले. आता काही मिनिटांत उत्तर मिळू लागले.

हे उत्तर ‘गाठ कर्करोगाची आहे का?’ या प्रश्नाचे होते. ‘कडा स्वच्छ आहे का?’ हा प्रश्न कळीचा झाला तो स्तन राखण्याचा विचार पुढे आल्यावर. इटलीत उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी १९७३ मध्ये, तर अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी १९७६ मध्ये तुलनात्मक चाचण्या सुरू केल्या. वीस वर्षांच्या पाहणीचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. स्तन राखलेल्या आणि संपूर्ण स्तन काढलेल्या स्त्रियांचे जगण्याचे प्रमाण सारखेच होते. किरणोपचारांमुळे राखलेल्या स्तनात रोग उलटण्याचे प्रमाणही घटत होते.

फिशर यांच्या चाचणीत कडेची कसोटी साधी होती. काढलेल्या तुकड्याच्या बाहेरच्या पृष्ठभागाला शाई लावायची, मग काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. कर्कपेशी शाईपर्यंत पोहोचल्या असतील, तर कात्री रोगातूनच गेली आहे.

मग हे शस्त्रक्रियेच्या टेबलावरच का उरकत नाही? स्तनात चरबी बरीच असते आणि ती नीट गोठत नाही, त्यामुळे काप फाटतात. शिवाय काही मायक्रॉन जाडीचे मोजके काप म्हणजे सगळी कडा नव्हे. म्हणून पक्का अहवाल काही दिवसांनी येतो आणि काही स्त्रियांना दुसऱ्यांदा शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या २३५ रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत पोकळीच्या भिंतींचा आणखी एक पातळ थर काढल्यावर सदोष कडांचे प्रमाण ३४ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर आले.

कडेला निरोगी ऊती किती रुंद हवी, यावरही दीर्घकाळ वाद होता. २०१४ मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञांनी ३३ अभ्यास एकत्र तपासले. पसरणारा कर्करोग असेल आणि संपूर्ण स्तनाला किरणोपचार दिले जाणार असतील, तर शाईला कर्कपेशी न लागणे पुरेसे आहे, असे त्यांनी ठरवले. याचा अर्थ मागे एकही पेशी उरली नाही, असा नाही. उरलीच असेल तर तिच्यासाठी किरणोपचार आहेत.

वर्गात हे सहज दाखवता येईल. सोललेल्या बटाट्याचा तुकडा शाईत बुडवा, वाळवा आणि चकत्या करा. प्रत्येक चकतीला निळी किनार दिसेल. मग विद्यार्थ्यांना विचारा : आत एखादा काळा डाग असेल, तर तो किनारीपर्यंत पोहोचला नाही हे सांगायला किती चकत्या पाहाव्या लागतील?